आजची कोणती गाडी उद्याची ‘क्लासिक’ होणार? आणि तोवर ती भंगारातून वाचणार का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सनं सिएरा नव्या रूपात परत आणली आणि टाइमलाइनवर जुन्या सिएराचे फोटो दिसायला लागले. १९९१ ची ती तीन दारांची गाडी, मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच. ज्यांच्या काकांकडे किंवा शेजारच्यांकडे ती होती, ते सगळे हळवे झाले.

पण ती शोरूममध्ये उभी होती, तेव्हा हिची एवढी आठवण निघेल असं किती जणांना वाटलं असेल? मग आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये असलेल्या कोणत्या गाडीबद्दल ३० वर्षांनी असंच होईल?

क्लासिक ठरतं कशावरून?

महाग गाडी म्हणजे क्लासिक, असं नाही. साधारण तीन गोष्टी लागतात.

पहिली, आठवण. मागच्या सीटवर बसून गावाला गेलेली पोरं मोठी होतात, हातात पैसा येतो आणि मग ती तीच गाडी शोधतात. याला २५-३० वर्षं जातात.

दुसरी, दुर्मिळता. गाडी मुळात कमी बनलेली असावी, नाहीतर बनली भरपूर पण उरली कमी, असं व्हावं. मारुती ८०० चं बघा. १९८३ ते २०१४ या काळात देशात २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्या. इतक्या दिसायच्या की जपून ठेवावी असं कुणाला वाटलंच नाही. आज नीट राखलेली ८०० दिसली की लोक थांबून फोटो काढतात.

तिसरी, गोष्ट. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा अख्खी मुंबई भावुक झाली. ते काही तिच्या इंजिनासाठी नव्हतं.

मग यादीत कोण?

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: चाकणला बनलेली आणि चालवणाऱ्यांची लाडकी. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा निरोपाच्या ‘लीजंड एडिशन’च्या फक्त ७०० गाड्या निघाल्या. चांगल्या स्थितीतल्या जीटीला आजही गिऱ्हाईक आहे.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५: २०२० मध्ये भारतात फक्त २०० आल्या. ही बहुतेक नक्की, पण मुळातच श्रीमंतांची.

टाटा नॅनो: हसू नका. २००८ चा दिल्ली ऑटो एक्स्पो, सिंगूरचं आंदोलन, साणंदचा कारखाना आणि मागे बसवलेलं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन. एवढी मोठी गोष्ट असलेली दुसरी भारतीय गाडी सांगा. ‘सर्वांत स्वस्त’ या शिक्क्यानंच तिचं नुकसान केलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. आमचा सगळ्यात मोठा डाव हिच्यावर.

खरी अडचण: १५ ते ५०

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीलाच ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि रोजच्या वापराला मनाई.

पण खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे फिटनेस तपासणी, फी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. २०१० ची पोलो २०६० मध्ये विंटेज होईल. मधल्या ३५ वर्षांत ही कसरत सात वेळा करायची. पहिल्या मारुती ८०० लासुद्धा २०३३ उजाडेल.

दुसरीकडे, गाडी स्क्रॅप केल्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची तरतूद आहे. प्रदूषणाचा विचार केला तर हे धोरण चुकीचं नाही. पण यात सगळ्यात आधी जाते ती स्वस्त गाडी, कारण तिच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त होतो. ऑक्टाव्हिया आरएस वाचेल, नॅनो वाचेलच असं नाही. मग ५० वर्षांनी आपल्याकडे श्रीमंतांच्या गाड्या उरतील आणि सामान्य माणूस ज्यातून फिरला त्या फोटोतच राहतील.

इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

२०२० ची नेक्सॉन ईव्ही इतिहासात जाईल हे नक्की. पण तिच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. पद्मिनीचा कार्ब्युरेटर गल्लीतला मिस्त्री खोलून साफ करायचा. जुनी बॅटरी आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीशिवाय कोण दुरुस्त करणार? पुढच्या क्लासिक गाड्यांचं भवितव्य बरंचसं याच प्रश्नावर ठरेल.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर?

गुंतवणूक म्हणून ठेवू नका. पार्किंग, विमा, दुरुस्ती धरली तर हिशोब क्वचितच जुळतो. जीव असेल तरच ठेवा. आरसी वेळेत नूतनीकरण करा, सर्व्हिसची बिलं जपा, मूळ इंजिन आणि बॉडीला हात लावू नका.

आणि बाबा नॅनो भंगारात द्यायला निघाले असतील, तर एकदा त्यांच्याशी बोलून बघा.