मलमपट्टी आठवते, जखम आठवत नाही

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव ज्याने ऐकले नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच. सोलापूरचे हे तरुण डॉक्टर १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. कोटणीसांच्या त्यागावर आपण शाळेत निबंध लिहितो, वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतो. परंतु ज्या जखमांवर त्यांनी पट्ट्या बांधल्या, त्या जखमा कोणी केल्या होत्या, हा साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

त्या जपानी सैन्याने केल्या होत्या. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला, १९३१ मध्ये मांचुरिया घेतला आणि जुलै १९३७ मध्ये चीनवर उघड चढाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजधानी नानकिंग पडली. पुढच्या काही आठवड्यांत शरण आलेल्या सैनिकांची व नि:शस्त्र नागरिकांची कत्तल झाली, हजारो स्त्रियांवर बलात्कार झाले. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांवर धरला. चीन तो तीन लाख सांगतो. हार्बिनजवळ ७३१ क्रमांकाच्या जपानी तुकडीने जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. कोरिया, चीन, फिलिपाइन्स अशा अनेक देशांतील मुलींना सैनिकांच्या उपभोगासाठी छावण्यांत कोंडण्यात आले.

कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. वऱ्हाडातल्या पोरांना त्याचे काय? पण जपान आपल्याला इतका परका कधीच नव्हता. अमरावतीच्या नावावरून ज्याला व्यापारात 'ऊमरा' म्हणत, त्या आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे जपानी गिरण्यांशी जुने नाते होते. युद्धापूर्वी हिंदी कापसाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक जपानच होते. १९३३ मध्ये परदेशी कापडावरील जकात वाढताच जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. मग १९३४ च्या करारात त्यांचे कापड आणि आपला कापूस एकमेकांस बांधले गेले. ज्याच्याशी व्यवहार होतो, त्याची ओळख पूर्ण असावी, एवढे तरी वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलाला कळावयास हवे.

शिवाय हे अत्याचार केवळ परदेशातच घडले असेही नाही. 'काळे पाणी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावरकर बंधू, कोलू आणि इंग्रजांचा तुरुंग उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात अंदमान जपान्यांच्या ताब्यात होते आणि त्याच सेल्युलर जेलमध्ये हिंदी माणसांचाच छळ झाला. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी तेथील इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख होते. त्यांच्यावर हेरगिरीचा आळ घेऊन त्यांना तुरुंगात टाकले. १४ जानेवारी १९४४ रोजी छळाने त्यांचा अंत झाला. त्यानंतर सोळा दिवसांनी, ३० जानेवारीला, हम्फ्रेगंज येथे ४४ हिंदी माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. जालियनवाला बागेची तारीख आपल्याला पाठ आहे. हम्फ्रेगंजची तारीख किती जणांना ठाऊक आहे?

ही विस्मृती का, याचे कारण उघड आहे. शत्रूचा शत्रू तो मित्र, असे आपण मानले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकाविला, त्या वेळी दिवाणसिंग त्याच गावच्या तुरुंगात होते, हे सांगताना आपली जीभ अडखळते. नेताजींचा अवमान होईल अशी भीती वाटते. मला ती भीती अनाठायी वाटते. चीनला वैद्यकीय पथक गेले ते सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, त्यांच्याच पुढाकाराने. चीनवर अन्याय होत आहे हे त्यांना कळत होते. आपण त्यांचा आदर करतो म्हणून जपानचा हिशेब पुसून टाकण्याचे कारण नाही.

दोन्ही अन्याय एकाच तोंडाने बोलता येतात, याचा दाखला तर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. जुलै १९४२ मध्ये सेवाग्रामहून गांधीजींनी जपानी जनतेस उद्देशून एक पत्र लिहिले व ते 'हरिजन'मध्ये छापले. आश्रमात राहून गेलेल्या जपानी भिक्षूबद्दल त्यांनी त्यात प्रेमाने लिहिले. पण चीनवरील आक्रमणाबद्दल स्पष्ट नापसंती कळविली आणि हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असेही बजावले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांनी इंग्रजांना 'चले जाव' म्हटले!

आता नाकारण्याविषयी. आमच्या अकोल्याकडच्या गावात धुऱ्याची भांडणे नवी नाहीत. दरवर्षी एक तास शेजाऱ्याच्या वावरात घुसविणारा माणूस विचारल्यावर म्हणतो, "म्या काई धुरा कोरला नाई बाप्पा, वखरच जरासा पुढं गेला!" जपानच्या शिक्षण खात्याने नेमके हेच केले. शाळेच्या पुस्तकांतील 'आक्रमण' या शब्दाऐवजी 'पुढे सरकणे' अशा अर्थाचा शब्द घालण्याचा आग्रह धरला, आणि १९८२ मध्ये चीन व कोरियाने त्याविरुद्ध निषेधाचा आवाज उठविला.

दुसरी युक्ती कागदाची. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी लष्कराने आपली दप्तरे ढिगांनी जाळली. १९९१ मध्ये किम हाक-सुन ही कोरियन वृद्धा पुढे आली आणि छावणीत आपल्यावर काय गुदरले ते तिने जगाला सांगितले. १९९३ मध्ये जपान सरकारने लष्कराचा हात होता हे मान्य करून क्षमा मागितली. पण २००७ मध्ये त्याच सरकारने सांगितले की, बळजबरीने नेल्याचा थेट उल्लेख असलेला कागद आम्हांस सापडला नाही. आधी कागद जाळावयाचा आणि मग कागद दाखवा म्हणावयाचे!

हे वाचताना मी अस्वस्थ होतो, त्याचे कारण माझ्या घरात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठाच उठविला. कोणाच्या हिशेबात काय लिहिले होते, ते त्यांना वाचता आले नाही. त्यांच्यावर जे गुदरले ते केवळ तोंडी उरले आहे. 'कागद नाही म्हणून घडलेच नाही' हा न्याय एकदा मान्य केला, तर माझ्या आजोबांचा आणि त्यांच्यासारख्या लाखो घरांचा इतिहासच उरत नाही. म्हणून त्या कोरियन वृद्धेची साक्ष मला परक्याची वाटत नाही.

या नाकारण्याला आपलाही नकळत हातभार लागतो. टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हे आपले, याचा आपल्याला अभिमान. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ पासून त्यांचे स्मारक आहे आणि अत्याचार नाकारणारे त्यांचेच नाव पुढे करतात. परंतु अत्याचार झाले याचा भरभक्कम पुरावा आहे, हे पालांनी आपल्या निकालपत्रात मान्य केले होते; या आरोपींवर त्याची जबाबदारी येते का, हा त्यांचा प्रश्न होता. पालांचे नाव घ्यावे, पण त्यांचे म्हणणे अर्धे तोडून नव्हे.

जपानी माणसांचा द्वेष करा, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. सरकारने पुस्तकांवर चालविलेल्या कात्रीविरुद्ध १९६५ पासून बत्तीस वर्षे कोर्टात झगडणारे प्रा. साबुरो इएनागा हे जपानीच होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७३१ तुकडीचा उल्लेख काढावयास लावणे बेकायदेशीर ठरविले. एका प्राध्यापकाने आपल्याच राष्ट्राकडून एवढा एक परिच्छेद परत मिळविण्यासाठी उमेदीची वर्षे घातली.

आपल्याला तर कोर्टात जाण्याचीही गरज नाही. पुढच्या वेळी कोटणीसांवर बोलावयास उभे राहिलो की एक वाक्य अधिक बोलावे: त्या जखमा कोणी केल्या. सेल्युलर जेलवर निबंध लिहिताना १९४२ ते १९४५ ही वर्षे गाळू नयेत. आमच्या प्राध्यापकांनीही तेवढा अर्धा तास वर्गात द्यावा, ही नम्र विनंती.