हरणाला टक्कल का पडलं?

बालदोस्तांनो,

मागे आमच्या चौथीच्या वर्गाची सहल एका वस्तुसंग्रहालयात गेली होती. तिथे कोपऱ्यात एका उघड्या चौथऱ्यावर पेंढा भरलेलं चितळ उभं होतं. मानेवर तळहाताएवढं टक्कल, एक कान वाळक्या पानासारखा मुरडलेला, आणि पोटाखालची शिवण उसवून आतला भुसा बाहेर डोकावत होता. एका मुलीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, याला खरूज झाली होती का हो?"

मी तिचा हात पटकन मागे ओढला. का, ते पुढे सांगते. आधी टकलाची गोष्ट.

खरूज नव्हती. चूक झाली असणार ती हरीण मेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. प्राणी मेला की जिवाणू लगेच कामाला लागतात, उन्हाळ्यात तर फारच झपाट्याने. ते कातडं कुजवतात आणि केसांची मुळं सैल होतात. पण त्या वेळी वरून काहीच कळत नाही बरं का! केस जागच्या जागी असतात. पुढे कातडं धुताना किंवा कमावताना एकदम मूठभर केस हातात येतात. एकदा निघालेला केस पुन्हा रुजत नाही.

म्हणून या कामात, म्हणजे टॅक्सिडर्मीत, सगळी घाई मिठाची. कातडं काढलं की आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडायची आणि बारीक मीठ चोळायचं, तेही जवळजवळ कातड्याच्या वजनाइतकं. आई कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते तेव्हा पाणी सुटतं ना? तसंच इथेही सुटतं, आणि पाण्यावाचून जिवाणूंचं काही चालत नाही. ओठ, पापण्या, नाकपुड्या इथलं दुपदरी कातडं उलगडून आतपर्यंत मीठ पोचवावं लागतं. कान तर मोज्यासारखा उलटा करावा लागतो. आळशी माणूस नेमकं हेच टाळतो.

आता टक्कल पडलंच, तर काय करायचं? लहान असेल तर तेवढा भाग कापून कडा जोडतात. पण गोल भोक तसंच शिवलं तर टोकांना चुण्या पडतात. शिवणकाम येणाऱ्यांना हे ठाऊक असेल (मला स्वतःला बटणसुद्धा धड लावता येत नाही!). म्हणून आधी ते भोक होडीसारखं, दोन्हीकडे निमुळतं कापून घेतात. मग आतल्या बाजूने बारीक टाके घालतात. टाक्यात केस अडकू द्यायचे नाहीत. टक्कल मोठं असेल तर ठिगळ लावायचं, पण त्याचे केस भोवतालच्या केसांच्याच दिशेने झुकले पाहिजेत. चितळाला तर ठिपके! तेही जुळायला हवेत.

आपण 'पेंढा भरलेला प्राणी' म्हणतो, कारण पूर्वी खरोखरच पेंढा किंवा भुसा ठासून भरत. मग हरणाचं गाठोडं व्हायचं आणि शिवणीवर ताण यायचा. अमेरिकेत कार्ल एकली नावाच्या माणसाने हे बदललं. तो आधी मूर्तिकारासारखं मातीचं हरीण घडवी, स्नायू न् स्नायू दाखवून. त्यावरून साचा काढून हलकं, पोकळ शरीर बनवी आणि त्यावर कातडं चढवी. त्याने केलेले हरणांचे चार ऋतूंतले चार देखावे शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९०२ साली विकत घेतले.

कातडं चढवलं तरी काम संपत नाही. ओलं कातडं वाळताना आखडतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुडीत जिथे खळगा आहे तिथे ते ढोलकीच्या पुडीसारखं ताणून वर उचललं जातं. म्हणून तिथे गोंद लावून, टाचण्या टोचून रोज लक्ष ठेवायचं. कान मुरडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावायचा. आमच्या चितळाच्या कानाला हा पुठ्ठा मिळाला नसावा.

आता त्या हाताविषयी. पूर्वी कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळत. सोमल म्हणजे आर्सेनिक, जहाल विष! हा साबण अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघाला आणि विसाव्या शतकातही वापरात होता. जुन्या प्राण्याला तो लावलाय की नाही, नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्या मुलीला मी आधी नळावर नेलं आणि साबणाने हात धुवायला लावले. मग बाकीच्या सगळ्यांनाही. डबे त्यानंतर उघडले.

परतताना बसमध्ये तिचा पुढचा प्रश्न आला, "बाई, मग त्याला मुद्दाम मारलं होतं का?" जुन्या हरणांच्या बाबतीत बहुधा हो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मात्र शिकार हा गुन्हा आहे, आणि कातडं किंवा शिंगंसुद्धा परवानगीशिवाय घरात ठेवता येत नाहीत. मुंबईला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं. पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथे मेलेल्या वन्यप्राण्यांना पुन्हा उभं केलं.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, की हात पाठीमागे बांधा आणि शिवण शोधा. अख्खा प्राणी असेल तर पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला. नुसतं डोकं असेल तर मानेच्या मागे, शिंगांपर्यंत. दहा मिनिटं शोधूनही सापडली नाही, तर त्या कारागिराचं नाव पाटीवर आहे का बघा आणि मला पत्राने कळवा.

तुमची,
बाई