खुंट्या आधी, सभा नंतर

आवणी उरकली. राब यंदा जरा उशिरा धरला, पण नंतर पावसाने सांभाळून घेतलं, खाचरं भरलीत. पिकाचं पुढच्या वेळी लिहितो. आज दुसरंच डोक्यात आहे, आणि लांबलचक आहे, सावकाश वाचा.

मागच्या महिन्यात शेतकऱ्यांच्या एका बैठकीत एक शिकलेले साहेब आले होते. माणूस चांगला. त्यांनी सांगितलं की कारखान्यांचा, वीज केंद्रांचा कर्बवायू धुराड्यातच पकडायचा, दाबून पाइपलाइनने न्यायचा आणि खोल जमिनीत कोंडायचा, असं तंत्र येतंय. नीती आयोगाने २०२२ साली त्यावर अहवाल काढलाय. मागून कोणीतरी विचारलं, "पण पाइप जाणार कुणाच्या शेतातून?" साहेब म्हणाले, "ते नंतर ठरेल. स्थानिकांना विश्वासात घेऊनच होईल."

तिथेच माझं डोकं फिरलं.

हे 'विश्वासात घेऊन' आम्ही डहाणू-तलासरीवाल्यांनी किती वेळा ऐकलंय? मालगाडीच्या वेगळ्या रुळांना ऐकलं, बुलेट ट्रेनला ऐकलं, मुंबई-दिल्ली एक्स्प्रेसवेला ऐकलं. वाढवण बंदराची जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली, पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी आली आणि ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन. सुनावणीत लोक काय बोलले त्याने आराखड्यात नेमकी कुठली रेघ हलली, हे मला कोणी दाखवावं.

आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी 'विकासविरोधी' म्हणायला नको. तंत्राशी माझं भांडण नाही. हवामान बिघडलंय हे मला अहवालातून कळायची गरज नाही. कापणीच्या टायमाला पाऊस येतो, भात आडवं होतं, चिकूचं फूल गळतं. डहाणूत ५०० मेगावॅटचं थर्मल दगडी कोळशावर चालतं, त्याचा धूर आम्ही रोज बघतो. तो कमी होत असेल तर कोणाला नकोय? माझं भांडण 'नंतर ठरेल' या दोन शब्दांशी आहे.

तलासरी बाजूला माझ्या मेव्हण्याच्या खाचरातून काही वर्षांपूर्वी एका कंपनीची वायूची लाइन गेली. कंपनीचं नाव घेत नाही. आधी काय आलं? खुंट्या. लाल डोक्याच्या. सकाळी शेतावर गेला तर बांधावर ठोकलेल्या. मग नोटीस आली, ती त्याच्या आजोबाच्या नावाने, कारण सातबाऱ्यावर अजून आजोबाच. आजोबा वारून वीस वर्षं झालेली. मग सभा लागली, ती ऐन आवणीत. बायाबापे चिखलात, सभेला दहा-बारा माणसं. नकाशा इंग्रजीत. हजेरीवर सह्या घेतल्या, आणि पुढे कळलं की त्याच सह्या 'सल्लामसलत झाली' म्हणून कागदाला जोडल्या.

आता शेतीचं ऐका, कृषीवाल्यांनी तर जरूर ऐका. खाचराला खाली चिखलणीने बसलेला घट्ट थर असतो, त्याच्यावर पाणी उभं राहतं. जेसीबीने चर खणला, वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र ढिगाला लावला आणि तसाच परत लोटला. थर फुटला. तीन पावसाळे त्या पट्ट्यात पाणी ठरलं नाही, वरच्या खाचराचं पाणीपण त्यातूनच खाली गेलं. भरपाई मिळाली एका हंगामाच्या पिकाची. वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवा, शेवटी तीच वर टाका, बांध दाबून द्या, एवढं सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नव्हता. माझी मेव्हणी सांगू शकली असती. तिला विचारलं असतं तर.

कायदा काय म्हणतो तेही बघून घेतलं, वकिलाकडे दोन खेपा मारून. तेल-वायूच्या लाइनसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन घेत नाहीत, 'वापर हक्क' घेतात. अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस. नुकसान झालं तर त्याची भरपाई, आणि हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. त्यानंतर त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. भात लावा म्हणतात. पण आमच्या भागात माणूस कर्ज काढून चिकू-आंबा लावतो तो पोरांसाठी. सातबारा तुमचा, पण त्यावर झाड लावायची परवानगी नाही. दहा टक्क्यांत.

आणि आपला पेसा? १९९६ च्या पेसा कायद्यात लिहिलंय की अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पुढे जाऊन ग्रामसभेची संमतीच मागितली. वाचून बरं वाटतं. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत महामार्ग, रेल्वे आणि हा पाइपलाइनचा कायदा बाजूला काढून ठेवलेत. मोबदल्याच्या तरतुदी पुढे लागू केल्या, संमतीची नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वनजमिनीतून जाणारे रस्ते, कालवे, पाइपलाइन यांना बहुतेक ठिकाणी ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. म्हणजे आमच्या दारावरून जे जे जातं, नेमकं त्यालाच विचारायचं बंधन सैल. वनपट्टेवाल्यांनी हे नीट समजून घ्या.

१९६२ च्या कायद्याच्या नावात पेट्रोलियम आणि खनिज आहे, कर्बवायू नाही. म्हणजे उद्या कधी अशी लाइन टाकायची झाली तर नियम नव्याने बनतील. म्हणूनच मी आज ओरडतोय. खुंटी ठोकल्यावर ओरडून २१ दिवसच मिळतात.

कर्बवायू आणि घरचा गॅस एक नाही, हेही त्या बैठकीत कोणी सांगितलं नाही. गॅसला वास मिसळलेला असतो, नाकाला कळतं. कर्बवायूला ना वास ना रंग, आणि तो हवेपेक्षा जड. फुटला तर वर उडून जात नाही, सखल जागी साचून बसतो. आमची खाचरं कुठे आहेत? सखल जागी. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० ला अशी लाइन फुटली. जोरदार पावसाने जमीन सरकली आणि पाइप तुटला. ४५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोक हलवले. गाड्यांची इंजिनं बंद पडली, कारण इंजिनालाही हवा लागते. पळायचं कशात? आमच्या पाड्यावर तर पावसाळ्यात अँब्युलन्स डांबरापाशीच थांबते.

आणि भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास किती धक्के बसले, लोक थंडीत पोरं घेऊन बाहेर झोपले, हे मंत्रालयातल्या नकाशावर असेलही. पण कुठल्या टेकडीची माती पावसात सरकते, कुठला ओहोळ दरवर्षी जागा बदलतो, हे फक्त पाड्यावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं.

साहेबांना मी हे बोललो तर म्हणाले, "सगळ्यांना विचारत बसलो तर सगळे नाहीच म्हणतील." म्हणू देत ना! विचारायचं म्हणजे 'नाही' ऐकायची तयारी ठेवायची. ओडिशात नियमगिरीला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाने बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, बॉक्साइटची खाण थांबली. देश बुडाला नाही. अमेरिकेत साउथ डकोटाच्या शेतकऱ्यांनी आमदारांच्या मागे लागून २०२५ मध्ये कायदाच करून घेतला की कर्बवायूच्या लाइनसाठी जमीन सक्तीने घेता येणार नाही. ते लोक काही आदिवासी पाड्यातले नाहीत, ट्रॅक्टरवाले मोठे शेतकरी आहेत. त्यांनाही हेच टोचलं.

आता आपलीही कानउघाडणी करतो. ग्रामसभेला आपण कधी जातो? घरकुलाची यादी असली की. बाकी वेळी कोरम भरत नाही, आणि मग ग्रामसेवक घरोघर वही फिरवतो. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीला आणि वसईकडे कामाला गेलेला असतो, तेव्हा लावलेल्या सभेला काय अर्थ? २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतःचं गाव म्हणून घोषित होता येतं, वेगळी ग्रामसभा मिळते. किती पाड्यांनी ठराव केला?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी लेखी विषय दिलाय: कुठलीही लाइन, कशाचीही, मोजणीची खुंटी ठोकण्याआधी पाड्यापाड्यावर सभा, आवणी-कापणी आणि स्थलांतराचे महिने सोडून, नकाशा मराठीत आणि समजावणं वारलीत. वनपट्टेवाले आणि वारस नोंद न झालेले यांनाही नोटीस. हजेरीची वही वेगळी, संमतीची वेगळी. पोचपावती घेतलीय, शिक्क्यासकट. अर्जाचा मजकूर कोणाला हवा असेल तर सांगा, फोटो टाकतो. आणि वारस नोंद राहिली असेल तर या आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन या, पाऊस जरा थांबलाय.