रात्री अडीचची चावी
डोंबिवली-मुलुंडकडच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत पाइप फुटला की बरेचदा रात्रीच फुटतो, कारण टाकी भरलेली, नळ सगळे बंद, आणि दाब पुरता. त्या काळी भिंतीत जी.आय.चे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप घालत. जस्त झिजलं की लोखंड आतून गंजतं आणि आधी जातो तो सांधा, कारण आटे पाडताना तिथली जाडी कमी झालेली असते. सकाळच्या पहिल्या पाण्याला तांबूस झाक येते, धार बारीक होत जाते. महिनोन्‌महिने सूचना मिळत असते आणि आपण नळाची जाळी धुऊन गप्प बसतो. गेल्या पावसाळ्यात वरच्या काकू रात्री अडीचला दार ठोठावत आल्या. मोरीतला एल्बो गेला होता, पाणी हॉलमधल्या स्विचबोर्डाकडे निघालेलं. मेन स्विच आधी पाडला, ते बरं झालं. पण गच्चीवरची चावी फिरेना! पितळी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडाच राहिला की क्षार साचून जाम होतो, जोर लावला तर दांडाच तुटतो. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही बादल्या उपसत राहिलो. सत्तरी ओलांडलेल्या काकूंचे थरथरणारे हात मला अजून दिसतात. रंगकामाला सोसायट्या लाखो रुपये काढतात. दर सहा महिन्यांनी प्रत्येक चावी एकदा बंद-उघड करायला अर्धा तास लागतो, आणि कोणती चावी कोणत्या घरांची हे भिंतीवर लिहायला ऑइलपेंटचा एक छोटा डबा.