शेजार आणि आडनाव

जून उजाडला की तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकावर नवे चेहरे दिसू लागतात. बदली होऊन आलेला शिक्षक, पंचायत समितीत नुकताच रुजू झालेला कारकून, महाविद्यालयात नाव घातलेला खेड्यातील विद्यार्थी. त्यांना निरोप देताना घरच्यांनी एक दिलासा हटकून दिलेला असतो : गाव लहान आहे, तेथे माणूस माणसाला ओळखतो; मुंबईसारखे नव्हे. हा विश्वास सर्वस्वी खोटा नाही. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर लहान गावात चार दारे उघडतात, हे अनेकांनी अनुभवले आहे. परंतु हा शेजार कोणाला लाभतो आणि कोणाला लाभत नाही, याची चौकशी सहसा होत नाही.

लहान गावाची वस्ती बहुधा जन्माने वाटलेली असते. कृष्णाकाठच्या वाईत आळीआळीचा आपला घाट आणि आपला कृष्णाबाईचा उत्सव असतो. त्यांतील एका आळीचे नावच ब्राह्मणशाही आहे. आळीत वाढलेल्या माणसाला त्या उत्सवात जो आपलेपणा मिळतो, तो इतरत्र मिळणे कठीण. पण परगावाहून आलेल्या माणसाला आळी नसते. त्याला खोली शोधावी लागते.

आणि खोलीच्या दारातच पहिला प्रश्न येतो : 'आडनाव काय आपले?' जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे अनेक जातींत आढळतात. त्यामुळे घरमालकाचे समाधान होत नाही. मग मूळ गाव कोणते, तेथे घर गावात आहे की गावाबाहेर, घरी देव कोणते, खाणेपिणे कसे, अशी विचारपूस अतिशय आदराने होते. पाहुण्याला चहाही मिळतो. चहा संपेपर्यंत मात्र असे कळते की खोली कालच एका नातेवाइकाला दिली.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून ते एका पारशी सराईत उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यातील शीर्षककथेचा नायकही नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवितो. या दोहोंच्या दरम्यान, १९५५ साली, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा कायद्याने गुन्हा ठरला होता. परंतु 'नातेवाइकाला दिली' या वाक्यावर फिर्याद कोण आणि कशी नोंदविणार? डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. नव्या पाट्यांवर समतानगर, भीमनगर अशी नावे आली. दारातील प्रश्नाला मात्र पाटी नसते. ती बदलणार कोण?

तरीही परका माणूस लहान गावात कालांतराने रुळतो, त्याला सोबती मिळतात. ते कोठे मिळतात, हे पाहण्यासारखे आहे. ते बहुधा आळीत मिळत नाहीत. ते वाचनालयाच्या टेबलाशी मिळतात. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. त्या काळी ही दारे सर्वांना उघडी होती असे समजण्याचे कारण नाही. परंतु १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य वाचनालय सरकारी अनुदानावर चालते, आणि तेथे आडनाव विचारून कोणाला परत पाठविता येत नाही. एका वर्तमानपत्राची पाने चौघांत वाटली जातात. ज्याच्या हाती क्रीडेचे पान आहे, तो अग्रलेखाची वाट पाहतो. शब्दकोड्यातील एक आडवा शब्द अडतो आणि समोरचा अनोळखी गृहस्थ तो सांगतो. दुसऱ्या दिवशी नमस्कार होतो, आठवड्याने चहा. जात कळतेच, पण ती ओळखीनंतर कळते, आणि या क्रमाला फार महत्त्व आहे.

अशा वाचनालयांची आजची स्थिती समाधानकारक नाही. ग्रंथपालांचे वेतन तुटपुंजे आहे. कित्येक ठिकाणी वर्तमानपत्राचे टेबल आवरून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका थाटल्या गेल्या. विद्यार्थ्यांना त्या हव्यातच. पण तेथे बोलण्यास मनाई असते. काही ठिकाणी सभासद होण्यासाठी जुन्या सभासदाची शिफारस लागते. ज्याला गावात कोणीच ओळखत नाही, त्याने ही सही आणावी कोठून? शाळेचे किंवा कचेरीचे ओळखपत्र पुरेसे मानण्यास कोणती अडचण आहे? हा बदल संचालक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो.

परंतु वाचनालय रात्री बंद होते आणि माणसाला घरी जावे लागते. तेथे वाचनालयाचा उपयोग नाही. खोली भाड्याने देणारा आज कोणी वाडेवाला सावकार राहिलेला नाही. तो पुष्कळदा भविष्यनिर्वाह निधीतून आणि कर्जातून दुमजली घर बांधलेला निवृत्त मुख्याध्यापक असतो, किंवा कोषागारातील अव्वल कारकून. त्याने आयुष्यभर समतेचे धडे शिकविलेले असतात, किमान जयंतीच्या सभेला खुर्च्या मांडलेल्या असतात. स्वतः बदलीच्या गावी खोलीसाठी दारोदार हिंडल्याचे दिवसही त्याला आठवत असतील. या जूनमध्ये त्याच्या फाटकाशी एखादा तरुण पिशवी घेऊन उभा राहील. त्याला भाडे किती, अनामत किती आणि नळाला पाणी केव्हा येते, एवढे सांगितले की खोली दाखविता येते.