हिरव्या ठिपक्याच्या खाली

दिवाळीत गृहिणीला दोन पाहुण्यांची धास्ती असते. एक फराळ संपत आल्यावर येणारा आणि दुसरा फराळ संपण्यापूर्वीच डब्यात शिरणारा. पहिल्याची बोळवण चहावर करता येते. दुसऱ्याचे नाव बुरशी. ओल्या नारळाच्या करंज्या चार दिवस राहिल्या की ती हजर! मग घरोघर एकच वाद : वरचे खरवडून बाकीचे खावे, की सगळेच टाकावे?

आमच्या शेजारच्या काकू खरवडण्याच्या पक्षाच्या. "अहो, अन्न आहे ते, टाकायचं कसं?" हा त्यांचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही. पण त्याचे उत्तर द्यायचे तर बुरशी वाढते कशी, हे पाहायला हवे.

आपल्याला दिसतो तो हिरवा-काळा ठिपका म्हणजे बुरशीचा नुसता मोहोर. तिची बीजे तिथे तयार होतात. खरी बुरशी त्याच्या खाली नि भोवती पसरलेली असते. केसाच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही बारीक असे रंगहीन तंतू, म्हणजेच कवकतंतू, हे तिचे शरीर.

गंमत अशी, की हे तंतू वाढतात ते फक्त टोकाशी. सोऱ्यातून चकली पडते तेव्हा आधी पडलेला भाग पुढे सरकतो नि नवा मागून येतो. आपले केसही असेच मुळाकडून वाढतात. कवकतंतूची तऱ्हा नेमकी उलट. त्याचा मागचा भाग जागचा हलत नाही. नवी भिंत बांधली जाते ती शेंड्याला. भिंतीचा माल भरलेल्या सूक्ष्म पुड्या आतून वाहत शेंड्याशी गोळा होतात आणि तिथे रिकाम्या होतात. शेंड्याची भिंत कोवळी असते. आतल्या पाण्याचा दाब तिला पुढे रेटतो, तोवर मागची टणक होते. १८४० च्या दशकात पॅरिसच्या भट्ट्यांमधील पावावर नारिंगी बुरशीने धुमाकूळ घातला होता. न्युरोस्पोरा हे तिचे नाव. तिचे तंतू तासाला तीन-चार मिलिमीटर पुढे जाऊ शकतात!

हा रेटा सामान्य समजू नका. कोकणातल्या शेतकऱ्याला भातावरचा करपा चांगलाच ठाऊक आहे. ती बुरशी पानाला चिकटून एक इवलासा फुगा तयार करते. त्यातला दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे चाळीसपट भरतो. त्या जोरावर ती पानाची साल भेदून आत घुसते.

आणखी एक. आपण आधी जेवतो नि मग पचवतो. बुरशी आधी पचवते नि मग जेवते. तंतू आपले पाचक रस बाहेर सोडतात, अन्न जागच्या जागी विरघळवतात आणि ते शोषून घेतात. म्हणूनच बुरशी अन्नावर बसत नाही, अन्नातून चालते.

आता सुरी घेऊन काय साधणार? आपण मोहोर खुडतो, मुळे तशीच राहतात. तंतू तुटला तरी बिघडत नाही. त्यात मधूनमधून भोकाचे पडदे असतात आणि पुष्कळ बुरशींत जवळच्या भोकाला तत्काळ बूच बसते. उरलेला तंतू नव्या फांद्या फोडून चालू लागतो.

काही बुरशी विषही सोडतात. मक्यावर, शेंगदाण्यावर येणाऱ्या एका बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालते आणि घरच्या शिजवण्याने त्याची खात्रीने वाट लागत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागांत असा मका खाल्लेली शंभरावर माणसे दगावली. ती गरीब होती, दुसरे धान्य नव्हते. आपल्यापुढे तरी तसा प्रसंग नाही. तेव्हा पाव, करंजी, केक अशा मऊ, ओलसर जिनसा खरवडू नका, टाका. खवट, बुरसट दाणा कुटात घालू नका.

त्याहून बरे म्हणजे तिला शिरूच न देणे. लोणच्यात सढळ मीठ आणि वर तेलाचा थर, ही आपल्या आज्यांची रीत. शेंड्याला पुढे रेटणारे पाणी मीठ हिरावून घेते, तेल हवा अडवते. कोरडा चमचा आणि कोरडी बरणी यांसाठी आजी ओरडत असे, ते उगाच नव्हे!