चिंधीला मारू नका

नवऱ्यापासून सुटू पाहणारी नायिका हे इब्सेनच्या नाटकातल्या नोराचं मराठी कलम आहे, आपल्या मातीतली बाई संसार रेटत राहते, असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी आधी कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाडीतला रिवाज समजून घ्यावा.

ढाक, कोथळीगड, इर्शाळच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या ठाकर आदिवासींत लग्नाला मुलाकडचे देज देतात. रानातून मोळी आणून बाजार गाठणारी, भातलावणीत दिवसभर वाकलेली मुलगी गेली की बापाच्या घरचे राबते हात जातात, देज त्यासाठी. नवऱ्याशी पटलं नाही तर बाई माहेरी येते, पंच बसतात, देण्याघेण्याचं ठरतं आणि काडीमोड होतो. मग ती दुसरं घर करू शकते. त्यासाठी कुणाला नोरा वाचावी लागलेली नाही.

परक्या देशातून आलं ते उलट बंधन. शंभू रघूच्या खटल्यात १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, लग्न मोडण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. १८८७ मध्ये त्याच न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जाण्याचा हुकूम दिला. न मानल्यास तुरुंग होता. नांदायला लावण्याचा तो दावाच मुळी इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आलेला. वरच्या जातींत शास्त्राने वाट आधीच बंद केली होती. ज्यांच्याकडे ती उघडी होती, त्यांच्या वाटेवर सरकारी न्यायालय आडवं आलं.

गो. नी. दांडेकर काही स्त्रीमुक्तीची पताका घेऊन निघालेले लेखक नव्हते. गाडगेबाबांच्या सहवासात वावरलेला, गडकोट पायांनी तुडवलेला हा माणूस. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवर त्यांनी ‘जैत रे जैत’ लिहिली, आणि तिच्यात नवरा सोडणारी चिंधी आली. वाडीत जे घडत होतं ते त्यांनी पाहिलं म्हणून ती आली. आयात केलेल्या नायिकेचा आक्षेप तिच्यापुढे टिकत नाही.

पण लगेच दुसरी मंडळी पुढे येतात: बघा, आदिवासी बाई किती मोकळी! स्वातंत्र्याचं दुःख फक्त पांढरपेशींना. हे म्हणणं मला पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटतं, कारण ते कौतुकाच्या भाषेत येतं. काडीमोड फुकट होत नाही. देज परत करायचं तर पैसा कुणाचा? बापाचा, नाहीतर होणाऱ्या नवऱ्याचा. ज्या बाईच्या पाठीशी दोघांपैकी कुणी नाही, तिला पंच काय देणार? म्हणजे दार आहे, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या पुरुषाच्या अंगणात उघडतं. चिंधीचं दारही तिला आवडलेल्या नाग्याच्याच अंगणात उघडतं.

जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या याच नावाच्या चित्रपटात स्मिता पाटील यांनी ही चिंधी उभी केली. नजर खाली न घालणारी, हवा तो पुरुष स्वतः निवडणारी. त्याच वर्षीच्या ‘भूमिका’त, हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या कथेत, याच अभिनेत्रीची उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक घरात नवा पहारा सापडतो. चिंधीला जे मिळतं ते उषाला मिळत नाही. पण ‘जैत रे जैत’च्या शेवटी काय? नाग्या मधमाश्यांवर जैत मिळवतो आणि चिंधी त्यांच्या दंशांनी मरते. चित्रपट उत्तम आहे, त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही योग्यच. तरी जिंकण्याची किंमत तिनेच का मोजावी, हा माझा प्रश्न कायम आहे.

नकोसा संसार नकोसा आहे, एवढं कारण पुरेसं मानलं पाहिजे. नवरा दारुडा ठरवावा लागू नये, पलीकडे प्रियकर उभा करावा लागू नये. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून १९८२ साली आलेल्या ‘उंबरठा’तली सुलभा अशी निघते, तिच्या पुढे कुणी पुरुष वाट पाहत नाही. मराठी कथेने हे धैर्य शहरातल्या शिकलेल्या बाईला दिलं, डोंगरातल्या बाईला अजून पुरतं दिलेलं नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा; अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. म्हणून वाडीतल्या बाईचा न्याय आजही मुख्यतः रिवाजावर, पंचांवर अवलंबून आहे. पंचांपुढे बसलेली, मोळ्या विकून स्वतःचं देज स्वतः फेडणारी आणि नंतर कुणाचंच घर न करणारी ठाकरीण कादंबरीत यायला हवी. ती वाडीतल्या, आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीने लिहिली तर फारच बरं. जो कोणी लिहील त्याला एवढीच विनंती: शेवटच्या प्रकरणात तिला मारू नका.